जँगोत लेफ्ट जॉइन नेमकं लिहायचं कुठं? लिलाव न झालेली वक्कलं यादीतनं गायब का होतात

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा लिहितो, चुकत असलो तर सांगा. यार्डातल्या एका कांदा अडत दुकानासाठी तुम्ही जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आवक रजिस्टर करताय, खाली पोस्टग्रेस डेटाबेस आहे, एका स्क्रीनवर वक्कल (शेतकऱ्यानं आणलेल्या मालाचा एक लॉट), शेतकरी आणि खरेदीदार सगळं एका ओळीत पाहिजे, आणि ज्या वक्कलाचा लिलाव अजून झालेला नाही ते यादीत दिसतच नाही. त्यावर तुम्ही विचारलंय की लेफ्ट जॉइन (पलीकडच्या टेबलात जोडीची ओळ नसली तरी अलीकडची ओळ ठेवतं ते, इनर जॉइन असली ओळ गाळतं) कुठं लिहायचं, का ओआरएमचा (पायथन कोडातनं एसक्यूएल बनवणारा भाग) नाद सोडून सरळ डेटाबेसमधे व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) करायचा आणि त्याच्यावर मॉडेल बसवायचं. कोड पण टाकलाय ते बरं केलंय, नाहीतर लोक नुसतं "चालत नाही" म्हणून मोकळे होतात आणि आपण अंदाज लावत बसायचं.

मी पण सोलापुरातच असली कामं करतो, अडत दुकानं, टॉवेल-चादरीचे कारखाने, एखाददुसरा ट्रान्सपोर्टवाला. सगळीकडं हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात येतो. कारखान्यात बिल न झालेली चलनं गायब होतात, ट्रान्सपोर्टला ड्रायव्हर न ठरलेली गाडी गायब होते.

सरळ उत्तर: जँगोत जॉइनचा प्रकार लिहायची जागाच नाही. सिलेक्ट रिलेटेडला (नात्यातलं टेबल त्याच क्वेरीत ओढणारी मेथड) "इथं लेफ्ट कर" असा काही पॅरामीटर नाही आणि फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट दाखवणारं फील्ड) पण नाही. जँगो ते स्वतः ठरवतो, आणि कशावरनं ठरवतो ते एकदा डोक्यात बसलं की अर्धं भांडण मिटतं. पहिली गोष्ट तो बघतो ती मॉडेलमधलं नल, म्हणजे ते फील्ड रिकामं चालतं का. फॉरेन कीवर नल ट्रू असेल तर त्याला कळतं की पलीकडं ओळ नसू शकते, मग तो लेफ्ट आउटर जॉइन करतो. नल फॉल्स असेल तर पलीकडं ओळ असणारच असं धरून इनर जॉइन करतो. रिव्हर्स बाजूनं, म्हणजे शेतकऱ्याकडनं त्याच्या वक्कलांकडं जाताना, अ‍ॅनोटेटमधे (ओळीला काढलेला आकडा जोडायची मेथड) बेरीज किंवा मोजणी केली तर लेफ्ट, कारण शेतकऱ्याचं एकही वक्कल नसू शकतं. आणि दुसरी गोष्ट तो बघतो ती तुमच्या फिल्टरमधली अट. तुमचा घोटाळा या दुसऱ्या गोष्टीत आहे.

तुमच्या मॉडेलमधे खरेदीदारला नल ट्रू आहे, ते बरोबरच आहे, सकाळी माल उतरतो तेव्हा खरेदीदार कुठनं येणार. नुसतं सिलेक्ट रिलेटेड केलं असतं तर लेफ्ट जॉइनच झालं असतं आणि सगळी वक्कलं दिसली असती. पण पुढच्याच ओळीत तुम्ही फिल्टर लावलाय की खरेदीदाराचं चालू हे फील्ड ट्रू पाहिजे, बंद पडलेले व्यापारी यादीत नकोत म्हणून. आता जिथं खरेदीदारच नाही तिथं चालू म्हणजे नल, आणि नल काय ट्रू होत नाही, म्हणजे ती ओळ या अटीत कधीच पास होणार नाही. जँगोला हे कळतं, तो म्हणतो असल्या ओळी जाणारच आहेत तर लेफ्ट कशाला, आणि जॉइन इनर करून टाकतो. यात जँगोची काही चूक नाही. तुम्ही हातानं एसक्यूएल लिहून लेफ्ट जॉइन केलं असतं आणि हीच अट खाली व्हेअरमधे टाकली असती तरी ती वक्कलं अशीच उडाली असती. पोस्टग्रेसचा प्लॅनरसुद्धा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) असली क्वेरी बघून आतल्या आत लेफ्टचं इनर करतो.

म्हणजे "लेफ्ट कुठं लिहू" हा प्रश्न बाजूला ठेवा. खरा प्रश्न असा, की बंद व्यापाऱ्यानं घेतलेल्या वक्कलाचं काय करायचं? ते वक्कल यादीतनं काढायचं, का वक्कल ठेवायचं आणि फक्त व्यापाऱ्याचं नाव कोरं दाखवायचं? हे दुकानदाराला विचारा, स्वतः ठरवू नका, कारण दोन्हीचं एसक्यूएल वेगळं होतं.

वक्कल काढायचं असेल पण लिलाव न झालेलं ठेवायचं असेल तर क्यू ऑब्जेक्ट वापरा, खरेदीदार नल आहे किंवा खरेदीदार चालू आहे, मधे उभी रेघ, म्हणजे "किंवा". अटीत "किंवा" आलं आणि एक बाजू नल चालवून घेणारी असली की जँगो जॉइन परत लेफ्ट करतो. एक गंमत सांगतो, फिल्टरमधे "चालू ट्रू" म्हणण्याऐवजी एक्सक्लूडमधे "चालू फॉल्स" म्हणाला असता तरी तुमची वक्कलं राहिली असती, कारण एक्सक्लूड करताना जँगो नलची काळजी स्वतः घेतो, आत इज नॉट नल जोडतो. वाचायला दोन्ही सारखं वाटतं पण निकाल वेगळा. म्हणूनच मी असल्या ठिकाणी एक्सक्लूड टाळतो, सहा महिन्यानं दुसऱ्या कुणी कोड वाचला तर त्याला नल राहिले का गेले ते दिसलं पाहिजे, क्यू लिहिलं की ते डोळ्यासमोर असतं.

वक्कल ठेवायचं आणि नावच फक्त गाळायचं असेल तर अट व्हेअरमधे नको, जॉइनच्या ऑनमधे पाहिजे, कारण व्हेअर जोडून झाल्यावर ओळी गाळतं, ऑन फक्त कुठली ओळ जोडायची ते ठरवतं. त्यासाठी जँगो 2.0 पासनं फिल्टर्ड रिलेशन आहे. अ‍ॅनोटेटमधे नवं नाव द्यायचं, समजा चालू खरेदीदार, त्यात फिल्टर्ड रिलेशन खरेदीदारावर आणि कंडिशन चालू ट्रू, मग व्हॅल्यूजमधे त्या नव्या नावावरनं व्यापाऱ्याचं नाव घ्यायचं. तुमची फॉरेन की नल ट्रू आहे म्हणून जॉइन लेफ्ट राहतं आणि अट ऑनमधे जाते. फक्त त्या नव्या नावावर परत साधा फिल्टर लावू नका, लावला की परत इनर आणि आपण होतो तिथंच.

जाता जाता, यादी खरेदीदाराच्या नावानं लावलीय तुम्ही. पोस्टग्रेस चढत्या क्रमात नल शेवटी टाकतो, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट आधी टाकतात. म्हणजे लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर बघाल तर न विकलेली वक्कलं वर, दुकानात पोस्टग्रेसवर खाली, पन्नास पन्नासचं पान असेल तर पार शेवटच्या पानावर, आणि मालक म्हणणार अजून गायबच आहेत. ऑर्डर बायमधे एफ घेऊन नल्स फर्स्ट का लास्ट ते स्पष्ट सांगून टाका.

वरच्या सगळ्याचा अर्थ एकच, "मॉडेलला खरं सांगा", म्हणजे मॉडेलमधलं नल खऱ्या डेटाशी जुळलं पाहिजे. आता त्याची उलटी बाजू, जी आपल्याकडं फार येते. जुनी दुकानं म्हणजे डेटा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधला, तिथनं कुणीतरी मायएसक्यूएलमधे ओतलेला, टेबलं मायआयसॅम प्रकारची. मायआयसॅम फॉरेन की लिहून घेतो पण पाळत नाही. त्यात शेतकऱ्याचं गाव माहीत नसेल तर गाव कोडात नल ऐवजी 0 टाकलेला, आणि गावांच्या टेबलात 0 नंबरचं गावच नाही. आपण त्यावर मॉडेल बसवताना बघतो की कॉलमला नॉट नल आहे, म्हणून नल फॉल्स ठेवतो, डीबी कन्स्ट्रेंट फॉल्स करतो कारण नाहीतर मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलायची जँगोची फाइल) अडतं. जँगो मॉडेलवर विश्वास ठेवून इनर जॉइन करतो आणि ते सगळे शून्य गाववाले शेतकरी उडतात. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसती बेरीज कमी. इथं दोनच मार्ग आहेत, एकतर डेटा साफ करा, 0 चं नल करा आणि मॉडेलमधे नल ट्रू करा, नाहीतर गावांच्या टेबलात 0 नंबरला "गाव माहीत नाही" अशी ओळ घाला. पहिला मार्ग स्वच्छ, पण जुना फॉक्सप्रोवाला प्रोग्राम अजून बाजूला चालू असेल तर तो नल बघून कसा वागेल सांगता येत नाही, तेव्हा दुसरा. हे खरंच परिस्थितीवर आहे, मी दोन्ही केलंय.

तुम्ही खाली अजून एक ओळ लिहिलीय, की शेतकऱ्याचं एकूण वजन आणि एकूण उचल (दुकानाकडनं घेतलेली आगाऊ रक्कम) एकाच यादीत काढताना आकडे "कधीकधी जास्त" येतात. तुम्ही ते सहज लिहिलंय पण माझ्या मते हा तुमच्या मुख्य प्रश्नापेक्षा मोठा धोका आहे, कारण गायब झालेलं वक्कल शेतकरी येऊन विचारतो, पण पट्टीत (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबात) उचल जास्त कापली गेली तर भांडण होतं. ते असं होतं बघा. समजा एका शेतकऱ्याची 3 वक्कलं, 10, 12 आणि 8 क्विंटल, म्हणजे 30. उचल दोनदा घेतली, 5000 आणि 3000, म्हणजे 8000. एका अ‍ॅनोटेटमधे दोन्ही सम टाकले की दोन लेफ्ट जॉइन होतात आणि प्रत्येक वक्कल प्रत्येक उचलीबरोबर जोडलं जातं, 3 गुणिले 2, सहा ओळी. वजनाची बेरीज येते 60 आणि उचलीची 24000. ज्याची उचल एकच आणि वक्कल पण एकच त्याचा आकडा बरोबर येतो, म्हणून तुम्हाला "कधीकधी" वाटतं.

यावर नेटवर सगळीकडं डिस्टिंक्ट ट्रू लावा म्हणून सांगतात. मोजणीला ते चालतं कारण आयडी वेगवेगळे असतात. बेरजेला लावू नका. शेतकऱ्यानं दोनदा 5000 उचलले असतील तर डिस्टिंक्ट बेरीज 5000 च धरणार, आणि आता दुकानदाराचा तोटा. जॉइन लेफ्ट का इनर यानं इथं काही फरक पडत नाही, इथं जॉइनच नको. सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) आणि आउटर रेफ (बाहेरच्या ओळीचा आयडी आत देणारं) घेऊन प्रत्येक बेरीज वेगळी काढा, वक्कलांची वेगळी, उचलीची वेगळी, आणि वर कोअलेस लावा म्हणजे उचल न घेतलेल्याला नन (पायथनमधलं रिकामं) न येता 0 येईल. लिहायला जरा किचकट आहे, सबक्वेरीच्या आत व्हॅल्यूजनं गट करून मग अ‍ॅनोटेट करावं लागतं, आणि त्या मॉडेलच्या मेटात ऑर्डरिंग दिलं असेल तर आत ऑर्डर बाय रिकामं करून ते काढून टाका, गटात त्याची भानगड नको. पण एकदा लिहून क्वेरीसेटच्या मेथडमधे ठेवलं की परत बघायला लागत नाही.

एकाच नात्याची बेरीज पाहिजे आणि अट पण पाहिजे, उदाहरणार्थ या महिन्याची उचल, तर सबक्वेरीची गरज नाही. समच्या आतच फिल्टर देता येतो, हे पण 2.0 पासनं, आणि 4.0 पासनं डिफॉल्ट 0 पण तिथंच देता येतं. बाहेर फिल्टर लावून मग अ‍ॅनोटेट केलं तर इनर जॉइन होऊन या महिन्यात उचल न घेतलेला शेतकरी यादीतनं जाईल, आत लावलं तर राहील आणि पुढं 0 दिसेल. फिल्टर आधी का अ‍ॅनोटेट आधी यानंही उत्तर बदलतं, आणि अनेक ओळींच्या नात्यावर दोन अटी एकाच फिल्टरमधे का दोन वेगळ्या फिल्टरमधे यानंही बदलतं, कारण दुसऱ्या फिल्टरला तो नवीन जॉइन करतो. "मंद्रूपचं वक्कल ज्याचा दर अमुकच्या वर" हे एकाच फिल्टरात लिहा, नाहीतर एक वक्कल मंद्रूपचं आणि भलतंच वक्कल महाग, असला शेतकरी पण यादीत येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, डेटाबेसमधे व्ह्यू करू का. तुमच्या आवक यादीसाठी मी करणार नाही, वरचं क्यू पुरे आहे. पण व्ह्यू वाईट असतो असं अजिबात नाही. रिपोर्ट पाचसहा टेबलांचा आहे, तोच आकडा जँगोत पण लागतो आणि अकाउंटंट एक्सेल जोडून पण बघतो, किंवा फुल आउटर जॉइन पाहिजे, जसं लिलावाच्या नोंदी आणि व्यापाऱ्याकडनं आलेला जमा एकमेकांसमोर लावून दोन्हीकडचे सुटलेले दाखवायचे, तर व्ह्यूच बरा. फुल जॉइन जँगो ओआरएम करतच नाही. मायएसक्यूएलमधे तर फुल आउटर जॉइन मुळातच नाही, तिथं दोन क्वेऱ्यांचं युनियन करावं लागतं, तुमचं पोस्टग्रेस आहे म्हणून सुटलात.

व्ह्यू करायचाच असेल तर मायग्रेशनमधे रन एसक्यूएल घालून करा, सर्व्हरवर हातानं नको, रिव्हर्समधे ड्रॉप व्ह्यू पण लिहा. मग मॉडेलला मॅनेज्ड फॉल्स आणि डीबी टेबलमधे व्ह्यूचं नाव. जँगोला प्रायमरी की लागतेच, तेव्हा व्ह्यूत खरोखर एकमेव असणारा कॉलम ठेवा, इथं वक्कलाचा आयडी. आणि तो खरंच एकमेव राहतोय ना ते बघा, कारण व्ह्यूच्या आत एखादं अनेक ओळींचं टेबल जोडलं की एकाच आयडीच्या दोन ओळी येतात, यादीत पटकन कळत नाही पण अ‍ॅडमिनमधे त्या ओळीवर क्लिक केलं की मल्टिपल ऑब्जेक्ट्स म्हणून फुटतं.

आणि सगळ्यात जास्त फसायची जागा ही. व्ह्यूच्या आत तुम्ही स्वतःच्या हातानं लेफ्ट जॉइन लिहिलंय, समाधान झालंय, मग त्या मॉडेलमधे खरेदीदाराला फॉरेन की दिली आणि नल ट्रू लिहायचं राहिलं. आता त्या मॉडेलवर सिलेक्ट रिलेटेड केलं की जँगो तुमच्या व्ह्यूवर बाहेरनं परत इनर जॉइन मारतो आणि आतल्या लेफ्टचा काही उपयोग राहत नाही. म्हणजे व्ह्यू केला तरी मॉडेलला खरं सांगायचं सुटत नाहीच. त्याच फॉरेन कीला ऑन डिलीट डू नथिंग ठेवा. कॅस्केड ठेवलं तर शेतकरी डिलीट करताना जँगो व्ह्यूमधनं पण ओळी काढायला जातो, आणि जॉइन असलेल्या व्ह्यूत पोस्टग्रेस असं काढू देत नाही. रिलेटेड नेममधे अधिक चिन्ह टाकलं की शेतकऱ्याच्या मॉडेलवर फालतू रिव्हर्स नाव पण येत नाही.

व्ह्यूचा त्रास पुढं होतो, बदलताना. दराच्या कॉलमचा टाइप बदलायचा म्हटलं की पोस्टग्रेस सांगतो हा कॉलम व्ह्यूत वापरलाय, बदलू देणार नाही, मग आधी व्ह्यू पाडा, कॉलम बदला, व्ह्यू परत करा, तिन्ही एकाच मायग्रेशनमधे. क्रिएट ऑर रिप्लेसनं फक्त शेवटी नवे कॉलम जोडता येतात, मधे घुसवता येत नाहीत.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कुणीतरी खाली लिहीलच की लेफ्ट जॉइन स्लो असतं. थोडं खरं आहे, इनर जॉइनचा क्रम प्लॅनर मोकळेपणानं बदलू शकतो, लेफ्टला बंधनं येतात. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. लेफ्ट जॉइननं जोडलेल्या टेबलाचा एकही कॉलम वापरला नाही आणि जोडणारा कॉलम युनिक असला तर पोस्टग्रेस, 9.0 पासनं, ते जॉइन क्वेरीतनंच काढून टाकतो. म्हणून दहा लुकअप टेबलं लेफ्टनं जोडलेला व्ह्यू दोन कॉलमसाठी वापरला तरी महाग पडत नाही, इनरनं जोडला असता तर सगळी टेबलं बघावी लागली असती. एका दुकानाच्या डेटाला तर याचा विचारच नको, अगदी डिसेंबर-जानेवारीत कर्नाटकातनं गाड्या येऊन यार्ड भरतं तेव्हासुद्धा. आधी आकडा बरोबर येऊ द्या.

दुसरे ओआरएम वापरणारे पण हे वाचतील म्हणून, त्यांच्याकडं सवयी वेगळ्या आहेत. एसक्यूएलअल्केमीत तुम्हाला खरंच प्रकार लिहिता येतो, जॉइनला इज आउटर ट्रू, आणि जॉइन्ड लोड मुळातच लेफ्ट असतं, इनर पाहिजे तर इनर जॉइन ट्रू सांगायचं. रेल्समधे जॉइन्स म्हणजे इनर, आणि लेफ्ट आउटर जॉइन्स ही वेगळी मेथड 5.0 पासनं. हायबरनेटवाल्यांनी जास्त जपायचं, तिथं क्वेरीत नुसतं टिंब देऊन वक्कल टिंब खरेदीदार टिंब नाव असं लिहिलं की गुपचूप इनर होतं, अगदी ऑर्डर बायमधे लिहिलं तरी, म्हणजे यादी नावानं लावली आणि ओळी कमी झाल्या. तिथं लेफ्ट जॉइन हातानं लिहून त्याला नाव द्या. ईएफ कोअर बरंचसं जँगोसारखंच, नातं रिक्वायर्ड का ऑप्शनल त्यावरनं ठरवतो.

राहिलं तपासायचं. शेलमधे क्वेरीसेटचं टिंब क्वेरी प्रिंट करा आणि फक्त फ्रॉमनंतरचा भाग वाचा, इनर का लेफ्ट आउटर ते तिथं लिहिलेलंच असतं. त्यातल्या अवतरणचिन्हांवर विश्वास ठेवू नका, ते जसंच्या तसं चिकटवून चालतंच असं नाही, पण जॉइन बरोबर दिसतं. पूर्ण स्क्रीनसाठी डीबग टूलबार लावा. आणि टेस्टच्या डेटात मुद्दाम अडचणीच्या ओळी घाला, एक लिलाव न झालेलं वक्कल, एक बंद व्यापाऱ्यानं घेतलेलं, एक उचल न घेतलेला शेतकरी, एक सारख्याच रकमेची दोनदा उचल घेतलेला. चांगल्या चांगल्या ओळींवर टेस्ट केली तर वरचं सगळं चुकलेलं असून पण हिरवं दिसतं.

तुमच्या कोडात आत्ता फक्त ती एक फिल्टरची ओळ क्यूनं बदला आणि क्वेरी प्रिंट करून बघा. तरीपण इनर दिसलं तर खाली सर्च बॉक्ससाठी जे फिल्टर जोडताय ते बघा, तिथं खरेदीदाराच्या नावावर कंटेन्स आहे, आणि बॉक्स रिकामा असताना पण तुम्ही ते लावताय. रिकाम्या शब्दानं सगळं जुळतं असं वाटतं, पण नलला ते पण जुळत नाही. बॉक्समधे काही टाइप केलं असेल तरच तो फिल्टर जोडा.